उचलणारा रोबो की उभे राहायला मदत करणारे यंत्र?

आपण लिहिले आहे की, आईंना पलंगावरून खुर्चीत नेण्यासाठी दोन माणसे लागतात आणि दोघांच्याही कमरा दुखू लागल्या आहेत. रुग्णाला दोन्ही हातांवर अलगद उचलणारा, अस्वलाच्या चेहऱ्याचा पांढरा रोबो आपण चित्रफितीत पाहिला आणि तसा रोबो घरासाठी मिळेल का, असे विचारले आहे. मी वृद्धांच्या पुनर्वसनाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करत आहे आणि हा प्रश्न मला अनेक कुटुंबे विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तो रोबो म्हणजे जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेने सुमितोमो रिको कंपनीबरोबर तयार केलेला ‘रोबेअर’. तो २०१५ मध्ये जगासमोर आला. तोशिहारू मुकाई यांच्या गटाने त्याआधी २००९ मध्ये ‘रिबा’ आणि २०११ मध्ये ८० किलोपर्यंतच्या माणसाला उचलू शकणारा ‘रिबा-२’ बनवला होता. रोबेअर मात्र संशोधनापुरताच राहिला, तो विक्रीला आला नाही. त्याची रचना पाहिली की ही वाट किती अवघड आहे ते लक्षात येते. समोर पसरलेल्या हातांवर माणूस तोलायचा, तर यंत्र पुढे कलंडू नये म्हणून त्याला भरपूर वजन हवे किंवा रुंद पाया हवा. रोबेअरचे स्वतःचे वजन १४० किलो होते आणि उचलताना बाहेर सरकणारे पायही त्याला द्यावे लागले होते. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत असे यंत्र वळवायचे कसे, याचा विचार चित्रफीत पाहताना सहसा मनात येत नाही. शिवाय वृद्ध माणसाची त्वचा नाजूक असते, हाडे ठिसूळ झालेली असतात, आणि जमिनीपासून पाय सुटताच घाबरून अंग ताठ करण्याची किंवा हाताला येईल ते धरण्याची त्याची प्रतिक्रिया अगदी स्वाभाविक असते.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांच्या पायांत थोडी तरी ताकद उरली आहे त्यांना उचलणारे यंत्र मुळात नकोच. उठण्याची त्यांची स्वतःची हालचाल पुरी करून देणारे यंत्र हवे. आपण खुर्चीतून उठतो तेव्हा नेमके काय करतो, ते एकदा सावकाश करून पाहावे. आधी पावले गुडघ्यांच्या किंचित मागे येतात, मग धड पुढे झुकते, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाते, त्यामुळे शरीराचा भार पावलांवर येतो आणि तेव्हाच बैठक सुटते. पाठ ताठ ठेवून सरळ वर उठू पाहिले तर तरुण माणसालाही उठता येत नाही. मात्र घरी मदत करणारी माणसे नेमके हेच करतात. काखेत हात घालून वर ओढतात. त्यामुळे वृद्धाचा खांदा दुखावतो, ओढणाऱ्याची कंबर जाते आणि पायांना काही कामच उरत नाही.

जपानच्या फुजी कंपनीचे ‘हग’ हे यंत्र या हालचालीच्या आधारे केलेले आहे. फुजीचा मूळ व्यवसाय सर्किट बोर्डांवर सुटे भाग बसवणाऱ्या यंत्रांचा. हगला चेहरा नाही आणि बोटेही नाहीत. पलंगाच्या काठावर बसलेल्या व्यक्तीसमोर ते आणायचे, पावले त्याच्या पायथ्याशी टेकवायची, छाती मऊ गादीवर झुकवायची आणि काखांखाली आधार घ्यायचा. मग बटण दाबले की यंत्र शरीराला आधी पुढे आणि नंतर वर नेते. तशाच अवस्थेत व्यक्तीला वळवून खुर्चीवर किंवा कमोडवर बसवता येते. भार पावलांवर राहत असल्यामुळे पायांना रोज थोडा व्यायाम घडतो, आणि उभे असतानाच कपडे सावरता येतात ही सोय तर मला सर्वांत मोलाची वाटते. मात्र काठावर बसून राहता येणे, पाय जमिनीवर दाबता येणे आणि सूचना समजणे एवढे किमान हवे. बराच वेळ झोपून असलेल्या व्यक्तीला एकदम उभे केले तर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून आधी काही मिनिटे काठावर बसवावे. फासळ्यांची किंवा मणक्याची हाडे ठिसूळ असतील तर छातीवर भार देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

एवढेही जमत नसेल, तर झोळीचा साधा हॉइस्ट, म्हणजे व्यक्तीला झोळीत घेऊन उचलणारे उपकरण, हा आजही खात्रीचा मार्ग आहे. पॅनासॉनिकच्या ‘रीशोन’मध्ये उचलण्याचा प्रश्नच वेगळ्या प्रकारे सोडवला आहे: पलंगाचा अर्धा भाग सुटून त्याचीच व्हीलचेअर होते, त्यामुळे व्यक्तीला अंथरुणावरून उचलावे लागत नाही. वैयक्तिक सेवा देणाऱ्या रोबोंच्या सुरक्षिततेसाठी २०१४ मध्ये आयएसओ १३४८२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले, तेव्हा सुरुवातीलाच त्याचे प्रमाणपत्र मिळालेल्या यंत्रांत याचा समावेश होता.

मदत करणाऱ्याच्या कमरेसाठी असलेली यंत्रे वेगळी. जपानच्या इनोफिस कंपनीचा ‘मसल सूट’ पाठीवर पिशवीसारखा चढवतात. त्यातील कृत्रिम स्नायू म्हणजे विणलेल्या जाळीत बसवलेली रबरी नळी. हवा भरली की ती फुगते, आखूड होते आणि जोराने ओढते. अशा स्नायूला जोसेफ मॅककिबेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांचे नाव मिळाले आहे. पोलिओ झालेल्या आपल्या मुलीसाठी त्यांनी १९५० च्या दशकात त्यावर काम केले होते. या सूटच्या ‘एव्हरी’ या प्रकारात बॅटरी नाही, हातपंपाने हवा भरली की पुरते. तरीही त्यामुळे वाकून ओढण्याची चुकीची पद्धत सुधारत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

एकेकच काम करणारी आणखी काही यंत्रे आपल्या उपयोगाची ठरू शकतील. ‘डीफ्री’ हे पोटाच्या खालच्या भागावर लावायचे छोटे उपकरण ध्वनिलहरींच्या साहाय्याने मूत्राशय किती भरले आहे ते ओळखते आणि वेळेवर सूचना देते, त्यामुळे लघवीची जाणीव कमी झालेल्या व्यक्तीला योग्य वेळी कमोडवर नेता येते. सेकोम कंपनीचा ‘माय स्पून’ हा जेवण भरवणारा यांत्रिक हात घास तोंडासमोर आणून थांबतो. शेवटची हालचाल जेवणाऱ्याने मान पुढे करून स्वतः करायची असते. तो निर्णय त्या व्यक्तीकडे ठेवला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र हे यंत्र वापरू नये.

सोबतीच्या रोबोंविषयीही आपण विचारले आहे. ताकानोरी शिबाता यांनी घडवलेला ‘पारो’ हा सीलच्या पिल्लासारखा दिसणारा, स्पर्शाला प्रतिसाद देणारा रोबो अमेरिकेत २००९ पासून वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताप्राप्त आहे. मांजर किंवा कुत्रा कसा वागतो हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे नकलेतली उणीव लगेच कळते. सील फारसा कोणी पाळलेला नसतो, म्हणून तो प्राणी निवडला गेला. स्मृतिभ्रंश असलेल्या काही व्यक्ती त्याला कुरवाळताना शांत होतात. पण जेम्स राइट या अभ्यासकांनी जपानमधल्या एका वृद्धसेवागृहात केलेले निरीक्षण अवश्य लक्षात घ्यावे. तिथे एक निवासी पारोची लोकर सोलून काढू पाहत होती, तर दुसरी तो जवळ नसेल तर जेवायला आणि झोपायला नकार देत होती. त्यामुळे कर्मचाऱ्यांना पारोवरही लक्ष ठेवावे लागले. तिथल्याच ‘पेपर’ नावाच्या, व्यायाम घेणाऱ्या माणसासारख्या रोबोशेजारी एक कर्मचारी उभा राहून त्याच्या हालचाली आणि सूचना पुन्हा करून दाखवत असे. एवढेच काय, मी वर ज्याची शिफारस केली तो हगदेखील तिथल्या कर्मचाऱ्यांनी थोड्याच दिवसांत बाजूला ठेवला, कारण तो खोल्याखोल्यांतून ढकलत नेण्यात वेळ जात होता. घरात एकाच व्यक्तीसाठी, एकाच पलंगाशेजारी असलेल्या यंत्राची अडचण तेवढी मोठी नसते, तरी प्रश्न तेच राहतात: ते कुठे उभे करायचे, चार्जिंग कोण लावणार, गादी कोण धुणार, आणि मध्यरात्री झोपेतून उठलेल्या एकट्या माणसाला ते वापरता येईल का. विकत घेण्यापूर्वी काही दिवस घरी वापरून पाहायला मिळत असेल, तर रात्रीची खेप अवश्य करून पाहावी. वीज गेली किंवा बॅटरी संपली तर अर्ध्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीला सुरक्षितपणे खाली कसे बसवायचे, हेही विक्रेत्याला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे.

आपल्या आईंना पलंगाच्या काठावर बसवल्यावर मान आणि पाठ आधाराशिवाय किती वेळ सावरता येते, दोन्ही पावले जमिनीवर दाबता येतात का, आणि पलंगाशेजारी मोकळी जागा किती आहे, एवढे कळवावे. उभे करणारे यंत्र योग्य की झोळी, हे त्यावरून बऱ्याच अंशी सांगता येईल.