उथळ खुबा : वाटी वळवायची की वाट पाहायची?

प्रश्न : वय २९. वर्षभर जांघेत दुखतंय. एक्स-रेत खुब्याची वाटी उथळ दिसली, कोन १६ अंश. एक डॉक्टर दुर्बिणीतून फाटलेली लॅब्रम (वाटीच्या कडेची कूर्चेची किनार) शिवू म्हणतात, दुसरे हाड कापायला सांगतात. सांधा मात्र अजून झिजलेला नाही म्हणे.

उत्तर : हा कोन साधारण २५ अंशांच्या वर हवा, २० च्या खाली म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा पुरेसा झाकलेला नाही. सगळा भार वाटीच्या कडेवर येतो, म्हणूनच लॅब्रम फाटते. नुसती ती शिवली तर मूळ कारण तसंच राहतं आणि पुन्हा फाटण्याची भीती असते. आमचा कौल दुसऱ्या डॉक्टरांकडे.

त्यांनी सुचवलेलं हाड कापण्याचं ऑपरेशन म्हणजे पेरिॲसिटॅब्युलर ऑस्टिओटॉमी; ती १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला सर्जन राइनहोल्ड गान्झ यांनी सुरू केली. वाटीभोवतीचं हाड कापून मोकळं करतात, ती गोळ्यावर वळवतात आणि बहुधा तीन-चार स्क्रूंनी बसवतात. ओटीपोटाच्या हाडाचा मागचा खांब अखंड राहतो, त्यामुळे कुबड्यांवर लवकर उभं राहता येतं. पूर्ण भार मात्र सहा ते आठ आठवड्यांनी, हाड जुळताना दिसल्यावरच.

वाटी जास्त वळली तर वाकताना हाडं एकमेकांवर आदळतात, कमी वळली तर दुखणं उरतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा बऱ्याच जणांना येतो. हे काम नियमित करणाराच सर्जन गाठा. आणि रेंगाळू नका: कूर्चा बरीच झिजल्यावर सांधा बदलणंच उरतं.