धावपट्टीच्या शेजारचे प्रश्न

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं उडू लागली आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. जागेचे भाव विचारणारे लोक आता ‘झोप लागेल का’ असं विचारतायत. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवाशांची आहे, पुढची आखणी 9 कोटींची. म्हणजे शेजार अजून घडायचाच आहे, आणि म्हणून या पत्रांना उत्तरं देण्याची हीच वेळ आहे.

प्रश्न : उलव्यात नवव्या मजल्यावरचा फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो, विमानाचा आवाज येत नाही. दोनदा जाऊन आलो, खरंच फारसा आला नाही. घ्यावा का?

दोन्ही वेळा वारा कुठून होता? विमान वाऱ्याच्या समोर तोंड करूनच उतरतं आणि चढतं. इथली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असेल, जसा पावसाळ्यात असतो, तेव्हा विमानं पूर्वेकडून उतरतात आणि पश्चिमेकडे चढतात. वारा फिरला की सगळं उलटं. तुम्ही शांत दिवशी गेला असाल तर तुम्हाला अर्धंच चित्र दिसलंय. हिवाळ्यात पहाटे, पावसाळ्यात दुपारी आणि रात्री अकरानंतर, असं किमान तीनदा गच्चीवर उभं राहून ऐका.

आता आकड्यांकडे या, कारण फसगत तिथेच होते. आपल्याकडे 2018 पासून विमानतळ परिसरातल्या आवाजाची मानकं आहेत. वर्षाला 50 हजारांहून जास्त उड्डाणं-अवतरणं होणाऱ्या विमानतळाभोवती दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबल. जागतिक आरोग्य संघटना त्याच 2018 मध्ये विमानांच्या आवाजासाठी सबंध दिवसाला 45 आणि रात्रीला 40 ही मर्यादा सुचवते. मोजण्याची पद्धत थोडी वेगळी आहे हे खरं, पण त्यानं एवढी दरी भरून निघत नाही. शिवाय हे आकडे सरासरीचे. विमानं दुप्पट झाली तर सरासरी वाढते फक्त 3 डेसिबलनं. अहवालात ती वाढ किरकोळ दिसते, पण रात्री दचकून उठवणारी विमानं दुप्पट झालेली असतात. झोप सरासरीनं मोडत नाही, एकेका विमानानं मोडते.

खिडकी उघडी असली की घराच्या आत आवाज जेमतेम 10 ते 15 डेसिबलनं कमी होतो. दुहेरी काचा लावून बंद घरात राहणं थंड देशांत जमतं, आपल्याकडे मे महिन्यात ते किती घरांना परवडेल?

म्हणून घ्या किंवा नका घेऊ, पण आधी ध्वनिरेषांचा नकाशा मागा. विमानतळाच्या पर्यावरण अहवालात तो असतो. उंचीच्या नकाशावर समोच्च रेषा असतात, तशा यावर आवाजाच्या. माझं ठाम मत आहे की या रेषा विकास आराखड्यावर उमटल्या पाहिजेत, आणि त्याही आजच्या वाहतुकीच्या नव्हे, 9 कोटी प्रवाशांच्या. सर्वांत मोठ्या आवाजाच्या पट्ट्यात गोदामं, कार्यशाळा, वाहनतळ येऊ द्या. शाळा, प्रसूतिगृहं आणि वृद्धाश्रम नकोत. आज मोकळी असलेली जमीन वाचवता येते. एकदा तिथे वीस मजले उभे राहिले की त्यांना कोणीही हलवू शकत नाही.

आणखी एक मागणी आत्ताच लावून धरा. लंडनच्या हीथ्रोवर दोन धावपट्ट्या आहेत. पश्चिम वाऱ्याच्या दिवशी उतरणारी विमानं दुपारी 3 वाजता एका धावपट्टीवरून दुसरीवर वळवतात. शेजाऱ्यांना निदान अर्धा दिवस कधी शांत असेल, हे आधी ठाऊक असतं. आपल्याकडेही दुसरी समांतर धावपट्टी आराखड्यात आहे. तिच्यासोबत असं वेळापत्रक आलं पाहिजे.

प्रश्न : आमच्या सोसायटीनं कुंपणाला दाट झाडं लावायचं ठरवलंय. आवाज अडेल ना?

झाडं जरूर लावा, पण डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज त्यांनी अडणार नाही. जमिनीवरून येणारी घरघर, म्हणजे विमान धावपट्टीवर धावतानाची, ती वेगळी. ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळच्या लोकांच्या लक्षात आलं की शेतं नांगरली की ही घरघर कमी होते. त्यावरून 2013 मध्ये तिथे मातीच्या उंच, लांब वरंब्यांचं उद्यान तयार झालं. सरी-वरंबा आपल्याला काही नवा नाही. धावपट्टीलगतच्या मोकळ्या जागेत असा प्रयोग करून पाहायला हवा.

प्रश्न : आमचं गाव विमानतळाच्या भरावाला लागून आहे. पूर्वी पाणी यायचं आणि ओहोटीला निघून जायचं. आता दोन-दोन दिवस घरात राहतं. दाद कुठे मागायची?

या विमानतळासाठी 1160 हेक्टर जागा लागली. सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापली, सखल खाजणं भरली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. खाजण म्हणजे भरतीचं आणि पावसाचं पाणी पसरण्याची जागा. ती उंच झाली की पाणी उरलेल्या सखल भागात, म्हणजे तुमच्या गावात शिरतं. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळी आली की बाहेर जायला वाटच नसते.

वाशी-नेरूळकडे यासाठी धारण तलाव बांधले होते. भरतीला त्यांची झडप बंद होते, पाऊस तलावात साठतो, ओहोटीला बाहेर सुटतो. पुढे ते गाळानं भरले, गाळात कांदळवन उगवलं आणि ते तोडायला परवानगी लागते म्हणून उपसा अडकला. तुमच्याकडे तलाव झालाच तर गाळ कोण, कधी, कुणाच्या पैशानं काढणार हे पहिल्याच दिवशी लेखी घ्या.

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो जाहीर कागद असतो. तो काढा. पाण्याची तारीख, भरतीची वेळ, घराच्या भिंतीवरची पातळी आणि फोटो त्याला जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. तोंडी तक्रार पावसाबरोबर वाहून जाते.

प्रश्न : फ्लेमिंगो विमानाला धडकतील म्हणून पाणथळी बुजवाव्यात, असं आमच्या ग्रुपवर म्हणतायत. तुमचं मत?

याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले, ते मीही विसरलेले नाही. पण भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली जातो तेव्हा हे पक्षी उरणजवळच्या पाणजे किंवा नेरूळच्या तलावांसारख्या जागी विसावतात. त्या जागा गेल्या तर पक्षी गायब होत नाहीत, जागा शोधत भलत्याच वाटेनं उडतात. धोका वाढतो.

घारी आणि कावळे मात्र आपण बोलावतो. विमान नियमांनुसार विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापून अवशेष टाकायला मनाई आहे. ग्रुपवर आधी कचऱ्याचे ढीग मोजा.

प्रश्न : ताई, आमची जमीन नव्हती. आजा-पणज्यापासून खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकतो. निवट्या (चिखलातले मासे), चिंबोऱ्या (खेकडे) आता मिळेनात. आम्ही प्रकल्पग्रस्त नाही का?

आहात, दादा. जानेवारी 1984 मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली आणि विमानतळासाठी ती साडेबावीस टक्क्यांवर गेली. पण दोन्ही योजना सातबाऱ्यावर उभ्या आहेत, आणि खाडीचा सातबारा नसतो.

विमानतळाच्या 2010 च्या पर्यावरण मंजुरीत जवळच्या वाघिवलीला 245 हेक्टरचं कांदळवन उद्यान करण्याची अट होती. हेक्टर मोजता येतात, पण तुमच्या ठिकाणी चिंबोरी परत आली का हे त्यात मोजलं जात नाही. ते मोजावं लागेल आणि मोजणीत तुम्ही असायला हवं.

आधार आहे. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं 2021 मध्ये पारंपरिक मासेमारांचा भरपाईचा हक्क मान्य केला आणि राज्याला धोरण करायला सांगितलं. मच्छीमार संस्थेमार्फत अर्ज करा. संस्थेचं सभासदत्व, होडीची नोंद, जाळी विकत घेतल्याच्या पावत्या, मासळी विकल्याच्या वह्या गोळा करा. होडी नसेल, बाया चिखलात हातानं निवट्या धरत असतील, तर त्यांची नावं वेगळ्या यादीत घाला आणि यादी ग्रामसभेत मंजूर करून घ्या. पंचनाम्यात पहिल्यांदा त्यांचीच नावं गळतात.