दोन शपथा वेगळ्या आहेत

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेच्या लष्करात जायचं ठरवलंस. नागरिकत्व त्याबरोबर आपोआप मिळेल, असं तुला कुणीतरी सांगितलंय. ते डोक्यातून काढून टाक. भरतीच्या दिवशी घेतात ती शपथ सैनिकाची. नागरिकत्वाची शपथ निराळी, आणि तिच्यासाठी अर्ज आपणच करायचा असतो. हे न कळल्यामुळे वर्दीत लढून आलेली माणसं पुढे एखाद्या गुन्ह्यात सापडली आणि देशाबाहेर काढली गेली. त्यांचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून दार उघडं आहे. व्हिसावरच्या मुलांना घेणारी 'मावनी' योजना २०१६ मध्ये थांबली. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ कायद्याने युद्धकाळ धरलाय, त्यामुळे नागरिकत्वाआधी अमेरिकेत पाच वर्षं राहण्याची अट सैनिकाला नाही आणि अर्जाला फीही नाही. इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा मात्र आहे.

खरी गाडी अडते ती 'एन-४२६' या कागदावर. तुझी सेवा सन्मानाची आहे असं लष्कराने त्यावर लिहून द्यायचं असतं. २०१७ मध्ये संरक्षण खात्याने या सहीसाठी १८० दिवसांच्या सेवेची अट घातली होती. २०२० मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा प्रशिक्षणातच हा कागद माग. वरिष्ठांना विचारायला संकोचू नकोस, प्रत्येक कागदाची प्रत घरी पाठव. अधिकारी होण्याचं तुझं स्वप्नही नागरिकत्वावाचून अडेल. आणि सेवेची पाच वर्षं सन्मानाने पुरी होण्याआधी बेअब्रूने बाहेर पडलास, तर मिळालेलं नागरिकत्वही काढून घेता येतं.

पंजाबातून अमेरिकेत आलेल्या भगतसिंग थिंद यांचं नाव लक्षात ठेव. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते. १९१८ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि चारच दिवसांत काढून घेतलं गेलं. पुन्हा मिळालं, तर १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 'गोरे' नाहीत म्हणून नाकारलं. माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे १९३६ मध्ये ते कायमचे नागरिक झाले. आज तुला सरळ मिळणारा हक्क त्यांना अठरा वर्षं झगडून मिळाला. तो आळसापायी लांबणीवर टाकू नकोस.

आता एक गोष्ट, जी भरती करणारा सांगणार नाही, कारण ती त्याच्या देशाची नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंस की भारताचं संपतं. इथले बाकीचे आपले लोक मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात जाऊ देणारं कार्ड, काढतात आणि हवं तेव्हा गावी जातात. परदेशी सैन्यात असलेल्यांना, अगदी निवृत्त झाल्यावरही, भारत ते कार्ड देत नाही. आजीला भेटायला जायचं तरी दर वेळी व्हिसाची वाट बघावी लागेल. म्हणून जाऊ नकोस, असं मी म्हणत नाही. पण आईबाबांना हे सहीनंतर कळता कामा नये. या रविवारी त्यांच्याजवळ बसून बोल आणि कराराची प्रत मला पाठव; ओळ न् ओळ वाचून कळवतो.

तुझा,
काका