एबीएस आणि ट्रॅक्शनचा लाईट एकदम लागलाय, मॉड्यूल खरंच बदलावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की कासारवडवलीजवळ साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, दुसऱ्या दिवसापासून मीटरमध्ये एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पिवळा लाईट आणि घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला ट्रॅक्शनचा लाईट दोन्ही लागलेत, आणि गॅरेजवाल्याने स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) न लावताच मॉड्यूल, म्हणजे एबीएस चालवणारा कंट्रोल बॉक्स, गेलं म्हणून ४५ हजार सांगितलेत. आत्ता एक रुपयाही देऊ नका. मी रबाळ्याला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, पावसाळ्यात अशा गाड्या सारख्या येतात आणि बहुतेकांचा बिघाड चाकापाशीच सापडतो, मॉड्यूलपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

आधी गाडी चालवायची की नाही ते बघू. फक्त पिवळे लाईट असतील आणि पेडल नेहमीसारखं घट्ट लागत असेल तर साधा ब्रेक चालू आहे, जपून गॅरेजपर्यंत नेता येईल. पण एबीएस नाही हे डोक्यात ठेवा, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होतील, तसं झालं तर ब्रेक जरा सोडून परत दाबा, आणि घोडबंदरला कंटेनरच्या मागे नेहमीपेक्षा बरंच जास्त अंतर ठेवा. हँडब्रेक खाली असूनही लाल ब्रेकचा लाईटसुद्धा लागला असेल तर मात्र गाडी हलवू नका. तेव्हा एकतर ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी ईबीडी बंद पडलेली असते आणि मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गरकन फिरू शकते. टोइंग बोलवा.

दोन लाईट म्हणजे दोन बिघाड असं नाही. कुठलं चाक फुकट फिरतंय हे ट्रॅक्शन कंट्रोलला चाकांचा वेग मोजणाऱ्या एबीएसच्याच सेन्सरवरून कळतं, त्यामुळे एका चाकाचा सेन्सर जरी गप्प झाला तरी दोन्ही सिस्टीम बंद होतात आणि दोन्ही लाईट लागतात.

आता घरच्या घरी एक गोष्ट बघा. चावी ऑन केल्यावर एबीएसचा लाईट लागून थोड्या सेकंदांत विझायला हवा. तो विझतच नसेल तर वायर तुटली, कपलर (वायरींचा जोड) सुटला, फ्यूज गेला, असं काहीतरी सरळ इलेक्ट्रिकल असण्याची शक्यता जास्त. विझतो आणि गाडी थोडी चालल्यावर परत लागतो, किंवा सिग्नलला हळूहळू थांबताना कारण नसताना पेडल पायाखाली थरथरतं, तर वायर शाबूत आहे पण चाकाकडून सिग्नल तुटक येतोय, म्हणजे रिंग (चाकाबरोबर फिरणारी, जी बघून सेन्सर वेग मोजतो), गंज नाहीतर बेअरिंग.

मग स्कॅनर. स्वस्तातले ब्लूटूथवाले बरेचसे फक्त इंजिनचे, पी ने सुरू होणारे कोड वाचतात, एबीएसचे कोड सी ने सुरू होतात, तेव्हा एबीएसमध्ये शिरणारा स्कॅनर आहे का हे आधीच विचारा. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, हे काम नीट गॅरेजला यायलाच हवं. कोडमध्ये चाकाचं नाव येतं, पण डावा पुढचा सेन्सर असा कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असं समजून नवा मागवू नका, तो कोड वायरमुळेही येतो. खरी गंमत लाईव्ह डेटामध्ये, म्हणजे गाडी चालताना स्कॅनरवर दिसणाऱ्या चारही चाकांच्या वेगात आहे. शेजारी कुणालातरी स्क्रीन घेऊन बसवा आणि रिकाम्या रस्त्यावर सरळ २० च्या स्पीडने चालवा. तीन चाकं २० दाखवतायत आणि एक शून्य, किंवा एकाचा आकडा मध्येच पडतोय, तर तेच चाक खोलायचं.

चाक काढलं की सेन्सर एका बोल्टवर बसलेला दिसतो. इथल्या दमट हवेत तो गंजून अडकतो, पक्कडीने ओढला की तुटतो, म्हणून आधी गंजाचा स्प्रे मारून थांबायचं आणि मग हळूहळू फिरवत काढायचा. टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असतो, तो फडक्याने पुसायचा. सेन्सर बसायची जागा पण घासून साफ करायची, तिथे गंजाचा थर चढला की सेन्सर उचलला जातो, रिंगपासूनचा गॅप वाढतो आणि सिग्नल कमजोर होतो. मग रिंग पूर्ण फिरवून बघा, एखादी बारीक चीर किंवा तुटका दातसुद्धा पुरतो. कपलर उघडून आत हिरवट जमलंय का बघा, पाण्यातून गाडी काढल्यावर माझा पहिला संशय तिथेच असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवायचं. स्टिअरिंग वळवताना वायर जिथे वाकते तिथे आतली तार तुटते आणि वरचं कव्हर चांगलं दिसतं, तिथे वायर हलवत मल्टीमीटर लावायचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर तोही संशय ठेवा.

सेन्सर जुन्या कॉइलवाल्या प्रकारचा असेल तर डाव्या-उजव्याचे ओहम जवळपास सारखे हवेत. नव्या गाड्यांत बहुतेक हॉल प्रकारचे (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेले) असतात, त्यांचे ओहम मोजून काही कळत नाही, चावी ऑन करून वायरिंगच्या बाजूला व्होल्टेज येतंय का ते बघायचं.

अलीकडे बेअरिंग बदललंय का हे तुम्ही लिहिलेलं नाही. बऱ्याच गाड्यांत रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाच्या रूपात असते, ते उलटं बसवलं तर गाडी मस्त चालते पण सेन्सरला काहीच दिसत नाही. एखादा टायर वेगळ्या साईजचा असला तरी आकडे जुळत नाहीत.

हे सगळं ठीक निघालं आणि कोड पंपाच्या मोटरचा, व्हॉल्व्हचा किंवा मॉड्यूलच्या आतला असेल तरच मॉड्यूलचा विषय काढायचा, तोही बॅटरी, मोठे फ्यूज आणि अर्थिंग तपासून झाल्यावर. अर्थिंगचा बोल्ट गंजलाय म्हणून मॉड्यूलला बळीचा बकरा करणं मला पटत नाही. मॉड्यूलचं नुसतं सर्किट दुरुस्त करणारेही असतात, आधी तो भाव काढा. आणि कुणी मीटरमधला लाईटच बंद करून देतो म्हणाला तर गाडी तिथून लगेच बाहेर काढा, घरातली माणसं त्याच गाडीत बसणार आहेत.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी थोडी चालवा, काही गाड्यांत चारही चाकांचा सिग्नल बरोबर येतोय हे चालताना कळल्याशिवाय लाईट विझत नाही. आलेला कोड आणि २० च्या स्पीडला चारही चाकांचे आकडे इथे लिहा, पुढचं सांगतो.