कुणीही लिहितं म्हणे!

औशाजवळच्या गावातून तू लिहिलंस. स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास, लातूरची खोली सोडून घरी परत, भावाचे टोमणे, आणि 'मी कशाच्याच कामाची नाही' हे दिवसभर डोक्यात. पहाटे आरशापुढं 'मी यशस्वी आहे' असं एकवीस वेळा म्हणतेस, तर उलट रडूच येतं. आणि अगदी शेवटी, जाता जाता : 'चार वर्षं बचत गटाची वही माझ्याकडं आहे, पण ते काय, कुणीही लिहितं.'

भावाचं राहू दे. हे 'कुणीही लिहितं' कुठून आणलंस?

चौदा बायांची बचत, कर्जाचे हप्ते, व्याज, दंड, आणि बैठक उठायच्या आत वहीतली शिल्लक पेटीतल्या रोकडीशी जुळलेली. चोख लेखे हे गटाच्या पंचसूत्रीतलं, म्हणजे गट चालवायच्या पाच नियमांतलं, एक सूत्र आहे, कारण कर्ज देताना बँक आधी वही बघते. त्या वहीत कुणाचे दहा रुपये जमा करायचे राहिले तर तुला झोप लागायची नाही. स्वतःच्या खात्याला मात्र नुसतं नावे टाकत आलीस. याचा मला राग येतो, माय.

आरशापुढचं उद्यापासून बंद कर. जे वाक्य स्वतःलाच पटत नाही ते घोकलं की मन लगेच त्याच्याविरुद्धचे दाखले काढतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली हेच दाखवलं : स्वतःला कमी लेखणाऱ्यांना अशी गोड वाक्यं म्हणून आणखी वाईट वाटलं.

त्याऐवजी वही घे. मन खट्टू झालं की त्याच दिवशी लिही : काय घडलं, मनात नेमकं कोणतं वाक्य आलं, ते शंभरात किती खरं वाटलं. मग त्याच्या बाजूचा पुरावा, आणि विरुद्धचाही. 'मला तसं वाटतं' हा पुरावा नव्हे. बहुतेकजणी इथंच फसतात. शेवटी पुराव्याला धरून एक साधं वाक्य : 'दोन परीक्षा गेल्या, गटाचा हिशेब मी चार वर्षं सांभाळला.' मग पहिल्या वाक्याला पुन्हा आकडा टाक. नव्वदाचे सत्तर झाले तरी पुष्कळ. शून्याची वाट बघू नकोस.

झोप-जेवण दोन आठवडे उडालं असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर वहीवर थांबू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि 'कुणीही लिहितं' हे तपासायला येत्या बैठकीत एक करच. वही दुसऱ्या बाईपुढं सरकव, जिला लिहिता-वाचता येतं अशीच निवड. घरून निघण्याआधी कागदावर लिहून ठेव : तिला किती मिनिटं लागतील, ती कुठं अडेल. मग शेजारी बस. तिनं विचारल्याशिवाय बोलू नकोस. व्याज कसं काढायचं, मागची थकबाकी कुठं ओढायची, शिल्लक का जुळेना, असा तिचा एकेक प्रश्न टिपून घे. ती यादी मला पाठव.