कडी बसली का?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या कॉलेजात रुजू होऊन तुला तीन महिनेही झाले नाहीत, तोवर विद्यार्थी कल्याण समितीचं काम तुझ्याकडे आलं. कोणते कार्यक्रम घेऊ, असं तू विचारलं आहेस. कार्यक्रमांचं नंतर बघू. मला फार उशिरा कळलेली एक गोष्ट आधी सांगते.

मी ठाण्यात शिकवत होते तेव्हा सकाळच्या पहिल्या तासाला एक मुलगा रोज उशिरा यायचा. मागच्या बाकावर बसायचा आणि पाच मिनिटांत डोळे मिटायचा. त्याला मी दोनदा वर्गादेखत बोलले. ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून डिफॉल्टर यादीत नाव घातलं आणि वडिलांना घेऊन ये म्हणून बजावलं. तो एकटाच अर्ज घेऊन आला. अर्ज पुढे करताना त्याच्या बोटांकडे लक्ष गेलं. पेरांवर पॅकिंगच्या चिकटपट्टीचा गोंद काळा होऊन बसला होता. भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करून तो तसाच वर्गात येत होता. वडिलांचं काम सुटलं होतं. वर्षभर मी "उशीर का?" एवढंच दरडावून विचारलं होतं. रात्री कुठे असतोस, सकाळी पोटात काही गेलंय का, हे एकदाही विचारलं नाही. पुढच्या सेमिस्टरला त्याने कॉलेज सोडलं. शिष्यवृत्ती त्याला मिळण्यासारखी होती, पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज भरायचा राहिला आणि आम्हा कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. आजही ते मला बोचतं.

म्हणून मार्गदर्शनासाठी तुझ्या वाट्याला आलेल्या मुलांची आधी एक वही कर. कोण कुठून येतं, कितीची गाडी धरतं, कोण काम करून शिकतं, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकलाय. आसनगावची मुलगी ठाण्याला उतरते, गर्दीतून वाट काढत नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाते आणि नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बरची गाडी पकडते. तिचा एक तास सकाळी आणि दुसरा थेट दुपारी तीनला असेल, तर मधला वेळ ती कुठे बसते, काय खाते, हे स्वतः जाऊन बघ. मग टाइमटेबल करणाऱ्यांशी भांड. योगदिनाच्या कार्यक्रमाने तिला जे मिळणार नाही, ते सलग लागलेल्या तासांनी मिळेल.

आता फीडबॅक फॉर्मचं. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, विद्यार्थ्यांच्या समाधानाचं सर्वेक्षण करावं लागतं, तेव्हा फॉर्म तुलाही भरून घ्यावे लागतील. एका वर्षी मी फॉर्म वाटत होते, तेव्हा एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं." मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. एक मैत्रीण आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. सरासरी काढून, आलेख जोडून आम्ही त्या तक्रारीची फाइल केली होती. मी त्याच शनिवारी शिपाईदादांना गाठून कडी बसवून घेतली आणि सोमवारी वर्गात सांगितलं, "तुम्ही लिहिलं होतंत, कडी बसली." त्यानंतर मुलं फॉर्मवर खरं लिहू लागली. काय झालं हे जसं सांगायचं, तसंच काय होणार नाही आणि का, हेही सांगायचं. आपण बोलतो ते कुठेतरी पोचतं, एवढी खात्री वाटली की मुलं बरंच सोसतात.

मोठ्या तक्रारी मात्र तोंडी मिटवू नकोस. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यानेही समाधान झालं नाही तर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. हे मुलांना माहीत नसतं. पहिल्याच आठवड्यात सांग.

आणि समुपदेशक. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. प्राचार्यांना अर्ज देताना हा दाखला जोड. समुपदेशकाची खोली स्टाफरूमच्या समोर नको. तिथे जाताना सगळे बघतात या धास्तीने मुलं दारातून परत फिरतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वर्गावर्गांत लाव. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

एखादं मूल "आता काही उरलं नाही" असं बोललं, तर विषय बदलू नकोस. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोंडलेलं बाहेर येतं. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस आणि त्याला एकटं सोडू नकोस. उपचार हे तुझं काम नाही, योग्य माणसापर्यंत त्याला सोबत नेणं हे तुझं काम.

तू अजून तासिका तत्त्वावर आहेस, पगार वेळेवर होत नाही, हे मी विसरलेले नाही. सगळ्यांचं ओझं एकटीने उचलू नकोस. संध्याकाळी सातनंतर फोन कोणाचा घ्यायचा आणि कोणाचा नाही, हे ठरवून टाक.

मधल्या सुट्टीत जिन्यात एकटीच बसणाऱ्या मुलीबद्दल लिहिलं होतंस. तिच्याशेजारी जाऊन बसलीस का? काय म्हणाली ते कळव.

तुझी,
मॅडम