पत्रिकेच्या नावाचं शेपूट बघा

ताई, मोबाइल नवा आहे म्हणून सांगतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, तर उघडण्याआधी फाइलच्या नावाचं शेपूट बघा. पीडीएफ किंवा फोटो असेल तर ठीक. शेवटी एपीके दिसलं तर ती पत्रिका नव्हेच, ते ॲप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि दिलीत की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती. पाठवणारा सख्खा मामा असला तरी थांबा, त्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो. सरळ फोन करून विचारा.

चुकून दाबलं गेलंच, तर घरच्यांपासून लपवू नका. नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली, तर ते अडवता येऊ शकतात.